पाऊल कुठे ठेवू?

रंगीत भुशाच्या गुलाबापाशी थबकले. पुढे पाय ठेवायला जागाच नव्हती.

मेक्सिकोतल्या त्लाक्सकाला राज्यातलं उआमांतला हे छोटं, जुनं शहर. 14 ऑगस्टच्या रात्रीला इथे नावच आहे, ‘कोणीच झोपत नाही ती रात्र’. गल्लोगल्ली लोक गुडघ्यांवर बसून रस्ताभर गालिचे काढतात; रंगवलेला लाकडाचा भुसा, फुलं, साचे. मध्यरात्रीनंतर कारिदाद मातेची, म्हणजे मेरी मातेची, मूर्ती निघते आणि मिरवणूक या गालिच्यांवरूनच जाते.

एक आजी चाळणीतून पिवळा भुसा भुरभुरवत होत्या. मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, “पहाटे सगळं पुसलं जाणार. वाईट नाही वाटत?”

मान वर न करता म्हणाल्या, “ती यावरून गेली नाही, तर वाईट वाटेल.”

घरासमोरची पालखीची रांगोळी आठवली. आई काढायची. मी मात्र फोटो नीट यावा म्हणून लोकांना बाजूने जायला सांगायचे! फोटो अजून आहे. तेव्हा आईच्या चेहऱ्याकडे मी पाहिलंच नव्हतं.

पहाटे रस्त्यावर नुसता रंगांचा चुरा. आजी दारात उभ्या होत्या, बोटं अजून पिवळी.

तुमच्याकडे पालखीच्या वाटेवर रांगोळी कोण काढतं?