बोलस आणि सांगस

जळगावकडे हिवाळ्यात शेतात भरीत-पुरीची पंगत बसली की मला हटकून विचारतात, "ज्या भाषाले गाव नही, तिले बोलाले इतला शब्द कसाले?" रोख माझ्या क्लिंगॉनच्या नादावर असतो. क्लिंगॉन म्हणजे 'स्टार ट्रेक' या अंतराळकथांतली परग्रहावरची जमात आणि तिची रचलेली भाषा. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञानं ही भाषा 'स्टार ट्रेक'च्या १९८४ च्या चित्रपटासाठी रचली आणि १९८५ मध्ये तिचा शब्दकोश काढला. तिच्यात 'बोलणं' म्हणजे जात्ल आणि 'सांगणं' म्हणजे जा, पण हा जा शेवटी घशात झटका देऊन तोडायचा. शब्दकोशातले अर्थ पाहून दोघांतला फरक फारसा कळत नाही. कर्म बघावं लागतं. जात्लचं कर्म म्हणजे जे तोंडातून निघतं ते, भाषा किंवा भाषण. 'जा'चं कर्म म्हणजे ऐकणारा माणूस. अहिराणी माणसाला हे शिकवावं लागू नये. 'मी अहिरानी बोलस', पण 'मी मायले सांगस'. मराठीत तर 'सासू सुनेला बोलली' म्हटलं की बोलणी बसली असंच समजायचं. क्लिंगॉनमध्ये मात्र जात्लला माणूस जोडला म्हणून रागावल्याचा अर्थ येत नाही. एकूण रागीट म्हणून गाजलेल्या जमातीच्या भाषेत हे असावं, याची मला गंमत वाटते.

'चर्चा करणं' याच 'जा'पासून होतं. त्याला 'एकमेकांना' या अर्थाचा चुक हा प्रत्यय लावला की झालं. दोघांनीही सांगायचं, मग ऐकायचं कुणी, ते विचारू नका. विचारण्यासाठी त्लोब आहे, त्यात विनंतीही येते. नुसता प्रश्न असेल तर ग़ेल.

खरी मेख दुसऱ्याचं बोलणं सांगताना आहे. 'तो येईल असं तो म्हणाला' ही आडवळणाची रचना तिथे नाही. आपल्या 'मी येतो म्हणाला'सारखं त्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवायचं आणि म्हणाल्याचं क्रियापद आधी किंवा नंतर लावायचं. पण हे काम जात्ल आणि जा दोघांचंच, असं ओक्रँडनं पुढे स्पष्ट केलं. ओरडला, उत्तर दिलं, विचारलं, यांना थेट वाक्य चिकटत नाही. 'त्यानं मला विचारलं, "कुठे चाललास?"' एवढं सांगायचं तरी 'विचारलं'नंतर वेगळं 'म्हणाला' घालावं लागतं.