फ्रिजचा ताप कसा मोजला

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, इन्सुलिन आमच्या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या लगेच खालच्या जाळीवर, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं. तिथे सगळ्यात गार असतं म्हणून मीच ती जागा ठरवली होती. मे महिन्यात इंदूरचा पारा ४२ वर गेला तशी मी फ्रिजची कळ ३ वरून ६ वर फिरवली आणि निर्धास्त झाले. चार दिवसांनी त्याच जाळीवरची कोथिंबीर काढली, तर काडी काडी कडक! ओट्यावर ठेवली आणि पाच मिनिटांत तिचा काळपट लगदा झाला.

मग इन्सुलिनची पेटी चष्मा लावून वाचली. २ ते ८ अंश, गोठू देऊ नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून अगदी स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नसतं. इन्सुलिन भरलेली दोन पेनं फेकली. जीव हळहळला, पण इलाज नव्हता.

कळीवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत, एवढं तरी तेव्हा डोक्यात शिरलं. मग खरे अंश किती? घरात कोरोनाच्या वेळचं कपाळावर धरायचं यंत्र होतं. ते फ्रिजच्या भिंतीवर रोखलं तर नुसतं ‘लो’ दाखवू लागलं. आई पलंगावरून म्हणाल्या, “काय गं, फ्रिजला ताप आलाय का?”

दुसऱ्या दिवशी दवा बाजारात गेले. दुकानदारानेही तेच विचारलं, “भाभीजी, बुखार देखना है कि फ्रिज?” त्याने तीन प्रकार पुढे ठेवले. पहिला काटेवाला, गोल, जाळीवर ठेवायचा. दिसायला छान, पण दोन-दोन अंशांच्या रेघा. मला २ आणि ८ यांच्यातच राहायचं, तर त्या रेघांवर भागायचं कसं? दुसरी काचेची नळी, लाल द्रवाची. (पाऱ्याची मीच नको म्हटली. फुटली तर खाण्याच्या वस्तूंमध्ये पारा!) नळी चांगली, पण ती वाचायला दार उघडायचं, चष्मा शोधायचा, तोवर लाल रेघ वर चढलेली. तिसरा डिजिटल, लांब वायर आणि टोकाला धातूची कांडी असलेला. कांडी आत, आकडे बाहेर दारावर, बारीक वायर दाराच्या रबरात दबून राहते. शिवाय रात्रभरातला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा तो लक्षात ठेवतो. हाच घेतला.

घरी आल्यावर आधी त्याचीच परीक्षा घेतली. पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरला, फटी भरतील एवढंच पाणी घातलं, ढवळलं आणि कांडी मधोमध धरली, तळाला न टेकवता. तिथे शून्य यायला हवं. आला ०.४. म्हटलं, चालेल.

फ्रिजमध्ये मात्र त्याने मला वेड लावलं. दूध काढायला दार उघडलं की ५ चे ११. कॉम्प्रेसर सुरू झाला की परत खाली. मी कळ पुढे-मागे करत बसले. शेवटी मुलगा म्हणाला, “आई, तू हवा मोजतेयस. इन्सुलिन काय हवा आहे?” त्याने औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून कांडी त्यात बुडवली. आता दार उघडलं तरी आकडा जेमतेम हलतो. बाटलीतलं औषधही तसंच सावकाश तापतं आणि निवतं.

मग ती बाटली घेऊन फ्रिजभर फिरले, प्रत्येक जागी एक दिवस आणि एक रात्र. फ्रीझरखालच्या जाळीवर सगळ्यात कमी आकडा उणे १.२. दारातल्या कप्प्यात दुपारी १० अंश. मधल्या जाळीवर, पुढच्या बाजूला, कळ ४ वर असताना ३.६ ते ६.८. इन्सुलिनचा डबा आता तिथे आहे. चालू पेन एरवी साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण ३० अंशांच्या आत, आणि आमच्या स्वयंपाकघरात मे महिन्यात ते कुठले!

फ्रीझरमध्येही कांडी ठेवून पाहिली. उणे १८ हवेत, उणे १३ निघाले. मटार टिकतात, आइस्क्रीम मऊ राहतं. तो विषय सोडून दिला.

कळीवर ४ च्या समोर नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, कारण पाणी पुरेसं गार लागलं नाही की हे अजूनही ती हळूच फिरवतात.