आवाज न होणाऱ्या विटा

स्पीकर बंद आहे की काय म्हणून मी दोनदा बघितलं. चालू होता. लाल आठाची वीट माऊसने ओढून आणली, दुसऱ्या लाल विटेवर सोडली, ती बरोब्बर बटणांवर जाऊन बसली आणि झालं. टक् नाही, काही नाही. मांजराच्या पावलांनी आली आणि बसली.

दुपारचे अडीच वाजले होते, आतल्या खोलीत ह्यांचं घोरणं लागलं होतं आणि मी आपली कॉम्प्युटरवर लेगो, म्हणजे त्या एकमेकीत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा, खेळत होते. वय विचारू नका, बँकेतून रिटायर झालेय एवढं सांगते.

लेकाने बंगलोरला जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर मला ठेवला आणि त्यात लिओकॅड नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. पुण्याची असल्याने मी खात्री करून घेतली, फुकट म्हणजे कायमचं फुकट ना, महिन्याभराने कार्ड नंबर मागणार नाही ना. नाही म्हणाला, ओपन सोर्स आहे. ह्याच्यापेक्षा भारी पाहिजे असेल तर स्टुडिओ म्हणून आहे, तेही फुकटच, त्यात दोन विटा एकमेकीत घुसल्या तर लगेच दाखवतं, पण तुझ्या ह्या डब्याला ते झेपायचं नाही आई. डबा म्हणजे कॉम्प्युटर. मला मात्र डबा म्हटल्यावर दुसराच डबा आठवला.

तो मिल्क पावडरचा होता, गोल, पत्र्याचा, झाकण कायम वाकडं. सदाशिव पेठेत दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं. आत्याचे यजमान कंपनीतर्फे जर्मनीला ट्रेनिंगला गेले होते, त्यांनी येताना लेगोचा एक बॉक्स त्यांच्या मुलांना आणि एक आम्हाला आणला. बॉक्स महिन्याभरात फाटला आणि विटा डब्यात गेल्या. एकूण १३४ तुकडे. मी रोज आवरताना मोजायचे (पुढे कॅशियर झाले ते काही उगाच नाही). आठाच्या, चाराच्या, दोनाच्या, म्हणजे वर जितकी बटणं त्यावरून नाव. पातळ असायच्या त्या पोळ्या. तीन पोळ्या एकावर एक ठेवल्या की एक वीट, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, हाताला कळलं होतं. जर्मनीत त्यांना काय म्हणतात ते विचारायची गरज कधी पडली नाही.

अडचण एकच. आप्पा, म्हणजे आमचे आजोबा. जेवण झालं की ते बाहेरच्या खोलीत चटईवर आडवे व्हायचे ते चारपर्यंत. आमची शाळा सकाळची, त्यामुळे खेळायचा वेळ नेमका तोच. आणि पत्र्याच्या डब्यातून शहाबादी फरशीवर १३४ तुकडे ओतले की जो आवाज होतो तो ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको, ज्याने नाही ऐकला त्याला सांगून उपयोग नाही. आप्पा ओरडायचे नाहीत. उठून बसायचे. भिंतीला टेकून नुसते आमच्याकडे बघत बसायचे, आणि मग आजी आतून येऊन जे काय बोलायचं ते बोलायची. त्यापेक्षा ओरडलेले परवडले असते.

मग दादाने युक्ती काढली. डब्याच्या तळाशी आप्पांच्याच जुन्या धोतराची चौघडी घातली, आणि ओतायचं नाही असं ठरलं. हात घालायचा आणि एक एक तुकडा चाचपून काढायचा. बोटाने बटणं मोजायची, दोन लागली की परत ठेवायची, हळू, आठ लागली की अलगद वर. पोळी चटकन कळायची. रंग काही बोटाला कळत नाही त्यामुळे आमची दुपारची घरं नेहमी पाचरंगी. बसवतानासुद्धा वीट फ्रॉकच्या घेरात धरून दाबायची म्हणजे टक् आवाज कापडातच राहतो. चार वाजता आजी स्टोव्हला पंप मारायला लागली की त्या आवाजाच्या आडोशाने दादा डबा धाडकन उपडा करायचा, आणि तेव्हा कुठे खरा खेळ सुरू व्हायचा, पण तोवर खाली मित्र हाका मारायला लागलेले असायचे.

दोन पोळ्या एकमेकींना चिकटल्या की नखाने निघायच्या नाहीत. दात. आई म्हणायची दात वाकडे येतील, आलेही. त्यातल्या काही विटा माझ्याकडे अजून माळ्यावर आहेत, कडांवर खुणा आहेत, आणि दादाची खूण कुठली नि माझी कुठली हे मी आत्ताही सांगू शकते कारण माझा पुढचा दात तेव्हा अर्धा तुटका होता.

लिओकॅडमध्ये हात घालायचा प्रश्न नाही. यादीतून शोधायचं, ३००१ टाइप केलं की आठाची वीट हजर, आणि कितीही घ्या, संपत नाही. पहिल्या दिवशी मी नुसत्या आठाच्या चारशे विटांची भिंत बांधली, कशासाठी विचाराल तर कशासाठीच नाही, सूड म्हणून. दुसऱ्या दिवशी पुसून टाकली.

तरी ह्या प्रकरणात मला पटत नाही असं बरंच आहे. वीट हवेत राहते. खालची काढली तरी वरची तशीच, तिला कळतच नाही की खाली कोणी नाहीये. लेक म्हणतो त्यात काय, आधी वरचं करून घे, आधार नंतर दे. छे! जोतं आधी. मी कामापुरतीसुद्धा वीट हवेत ठेवत नाही, मला रात्री झोप लागणार नाही. आणि रंग. यादीत इतके रंग आहेत की साडीच्या दुकानात बसल्यासारखं होतं, पारदर्शक काय, चमकणारे काय. मी आपली लाल, पांढरी, पिवळी, निळी, काळी, आमच्या डब्यात होती तेवढीच. ह्यांनी एकदा मागून बघितलं आणि म्हणाले, अगं फुकट आहेत ना सगळे, घे की मग. पण फुकट आहे म्हणून जांभळी वीट घ्यायची?

सध्या शनिवारवाडा चाललाय. म्हणजे फक्त दिल्ली दरवाजा. आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला, तो कसाही केला तरी चालेल असं वाटतं खरं, पण पुण्यात चालत नाही, कोणीतरी येऊन सांगणारच की कारंजं चुकलंय. दरवाजा निदान जाऊन बघून येता येतो. खाली दगड आणि वर वीट आहे. शाहू महाराजांनी दगडी वाडा बांधायला मनाई केली म्हणून असं म्हणतात, ते असो, माझ्या सोयीचं आहे. दगडाला करडा रंग हवा होता पण तो डब्यात नव्हता म्हणून काळा घेतला. दारावरच्या खिळ्यांसाठी मात्र मी नियम मोडला. एका बटणाची एक बारकी वीट असते जिच्या कुशीलाही बटण असतं, ती उभी रचत गेलं की दारभर खिळे. खरे खिळे हत्तीने धडक मारू नये म्हणून ठोकलेत. माझ्या दाराने हत्तीला गुदगुल्या होतील.

लेकाने मध्ये एक आकडा पाठवला. आठाच्या एकाच रंगाच्या सहा विटा किती प्रकारे जोडता येतात, तर ९१,५१,०३,७६५. कोपनहेगनच्या सोरेन आयलर्स नावाच्या गणितज्ञाने हे काढलं. त्याआधी लेगो कंपनी १०,२९,८१,५०० सांगायची, ते फक्त एकावर एक सहा मजले चढवलेल्या रचनांचं होतं, आणि त्यातही चार कमी, खरा आकडा शेवटी ५०४ आहे. चारचा फरक! आमच्याकडे चार रुपयांचा फरक लागला असता तर रात्री नऊपर्यंत कोणी घरी गेलं नसतं.

परवा फाइल चुकून नोटपॅडमध्ये उघडली. वाटलं बिघडली. तर आत नुसते आकडे, एका ओळीला एक वीट. चौदा आकडे आणि शेवटी तुकड्याचं नाव. पहिला १, मग रंग, लाल म्हणजे ४, मग कुठे ठेवलीय त्याचे तीन, कशी फिरवलीय त्याचे नऊ. विटेची उंची २४ आणि पोळीची ८, म्हणजे तिनाला एक, आमचा हिशोब बरोबर होता. फक्त वर जायचं तर आकडा वजा होत जातो. पहिल्यावरची वीट उणे २४, तिच्यावरची उणे ४८. तीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला नगारखान्यापर्यंत पोचताना घाम फुटला.

ही लिहायची पद्धत जेम्स जेसीमन नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलाची. १९९५ साली त्याने डॉसवर चालणारा एलड्रॉ म्हणून प्रोग्रॅम केला. आमच्या ब्रँचमध्येही तेव्हा डॉसच होतं, काळा पडदा आणि त्यावर व्याजाचे आकडे, आणि त्याच पडद्यावर हा विटा रचत होता. १९९७ मध्ये तो गेला. विशीतच होता, आमच्या लेकाएवढा. लिओकॅड अजून त्याच्याच पद्धतीच्या ओळी वाचतं, आणि नवीन तुकडे लोक आपापल्या घरी बसून बनवतात नि त्यात घालतात, कोणी पैसे देत नाही.

आप्पांना पुढे ऐकू येईनासं झालं. आधी एका कानाने, मग दोन्ही. दुपारी डबा ओतला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता. दादा म्हणालासुद्धा, ओत. मी डबा तिरका केला आणि परत सरळ करून हातच घातला. सवय, दुसरं काय. असे कितीतरी दिवस गेले. एका दुपारी आप्पा उठून बसले, आमचं ते चाचपणं बघत राहिले, आणि म्हणाले, "ओता की रे आता. मला काय." ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, खूप मोठ्यांदा. त्या आवाजाने आजीच जागी झाली.

आम्ही ओतला. ते बघत बसले.

दाराचे अजून वीस-बावीस खिळे राहिलेत. गुरुवार आहे, लाइट अजून गेली नाही हेच नवल. सेव्ह करून ठेवते.