चकलीचा साडेपाच महिन्यांचा उपास

सप्टेंबरच्या मध्यावर आमचा मुलगा ग्लासगोला शिकायला गेला आणि जाताना त्याने माझ्या हाती दोन गोष्टी सोपवल्या: एक वही आणि एक साप. साप म्हणजे पाच वर्षांचा बॉल पायथन, ज्याला इथे इंग्लंडमध्ये रॉयल पायथन म्हणतात. वेटोळे घालून बसला की अगदी चकलीसारखा दिसतो, म्हणून माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर पाहता पाहता त्याचे नाव चकली ठेवले. पुढे तो नर असल्याचे कळले, पण तोवर जिभेला नाव बसले होते. त्यामुळे आम्ही आजही त्याला ‘ती’च म्हणतो.

वहीत चकलीच्या प्रत्येक जेवणाची तारीख, भक्ष्याचे वजन आणि चकलीचे स्वतःचे वजन लिहिलेले होते. शेवटची नोंद ७ सप्टेंबरची होती: उंदीर ६० ग्रॅम, चकली १,३१० ग्रॅम. त्यापुढची ‘खाल्ले’ अशी नोंद मला थेट २२ फेब्रुवारीला करता आली. मधल्या १६८ दिवसांत काय झाले, माझे काय चुकले आणि अखेर काय जुळून आले, ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण साप खात नाही म्हणून घाबरलेल्या माणसाला सगळेजण एकच वाक्य ऐकवतात, ‘अहो, ही जात अशीच असते’, आणि त्या वाक्याने रात्रीची झोप काही येत नाही.

वाक्य अर्थातच खरे आहे. ही जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. घाना, टोगो, बेनिन या देशांतून ती जगभर गेली. रानात हे साप दिवसभर उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत दडून राहतात आणि रात्री बाहेर पडतात. थंड किंवा कोरड्या ऋतूत, नरांच्या बाबतीत मिलनाच्या काळात, जागा बदलल्यावर, कात टाकण्याआधी डोळे निळसर पडलेले असताना, अशा अनेक प्रसंगी ते अन्न नाकारतात, आणि धडधाकट प्रौढ सापाला काही महिने उपाशी राहून फारसे काही होत नाही. अडचण अशी की आजारी सापही अन्न नाकारतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही उपास सारखेच दिसतात.

मुलाची खोली पाहुण्यांसाठी मोकळी करायची म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी चकलीची लाकडी पेटी खालच्या बैठकीच्या खोलीत आणली. ही माझी पहिली चूक. पेटीची काच टीव्हीसमोर आली आणि येता-जाता प्रत्येक माणसाची सावली तिच्यावर पडू लागली. शिवाय मुलाची आठवण म्हणा किंवा हौस म्हणा, मी रोज संध्याकाळी तिला बाहेर काढून हातावर घेऊ लागलो. त्या आठवड्यात तिने उंदराकडे पाहून मान आत ओढून घेतली. तीन दिवसांनी मी पुन्हा दिला. आणखी तीन दिवसांनी पुन्हा. महिनाभरात आठ उंदीर वाया गेले, कारण एकदा वितळवलेला उंदीर पुन्हा गोठवता येत नाही.

इथे घरातल्या व्यवस्थेबद्दल सांगायला हवे. पत्नी शाकाहारी आहे, आणि गोठवलेल्या उंदरांसाठी गॅरेजमध्ये एक छोटा फ्रीजर वेगळा घेण्याच्या अटीवरच पाच वर्षांपूर्वी चकलीला गृहप्रवेश मिळाला होता. चिमटा वेगळा, भांडे वेगळे, त्यावर लाल चिकटपट्टी. हे केवळ सोवळे नव्हे. सापाच्या अंगावरून आणि उंदरांवरून साल्मोनेलाचे जंतू पसरू शकतात, त्यामुळे हात साबणाने धुणे आणि भांडी स्वयंपाकघरापासून दूर ठेवणे आवश्यकच आहे. नोव्हेंबरमध्ये एके रात्री घाई झाली म्हणून मी उंदीर थेट उकळत्या पाण्यात टाकला. त्याचे पोट फुटले आणि जो वास सुटला तो दोन दिवस गॅरेजमधून जाईना. त्या दोन दिवसांत आमच्याकडे चहाला कोणाला बोलावले नाही.

आईला फोनवर हे सांगितले तेव्हा तिचा उपाय तयार होता. ‘वाटीभर दूध ठेव की रे तिच्यापुढं.’ आईचे माहेर शिराळ्याचे, म्हणजे नागपंचमीच्या बत्तीस शिराळ्याचे. जिवंत नागांच्या पूजेवर न्यायालयाने बंधने आणली त्याच्या कितीतरी आधीपासून तिने नाग जवळून पाहिलेले आहेत. सापाला दूध पचत नाही, तहानेने व्याकूळ झालेला साप समोर दुसरे काही नसले तर ते पाण्यासारखे पितो, हे तिला समजावून सांगितल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मग आम्ही नागापुढं ठेवलेलं दूध कुठं जायचं?’ या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही.

डिसेंबरपर्यंत वजन १,२४६ ग्रॅमवर आले आणि मी ऐकीव युक्त्यांच्या मागे लागलो. उंदराला कोंबडीच्या अळणी सुपाचा वास लावून पाहिला. पत्नीच्या हेअर ड्रायरने उंदराचे डोके गरम करून पाहिले, ज्याची किंमत मला नवीन हेअर ड्रायर घेऊन मोजावी लागली. उपाशी आहे तर जास्त द्यावे, अशा भाबड्या हिशेबाने दीडशे ग्रॅमचा मोठा उंदीरही आणला. तो पाहताच चकली अंगाचा चेंडू करून डोके मधोमध लपवून बसली. या जातीला ‘बॉल’ का म्हणतात ते त्या रात्री मला नीट कळले. ती भुकेली नव्हती, भ्यालेली होती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात वजन १,२११ झाले आणि मी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य बाईंची वेळ घेतली. त्यांनी चपट्या कांडीने जबडा हळूच उघडून हिरड्या पाहिल्या. तोंडात पू किंवा चिकट लाळ असती तर तोंडाचा संसर्ग समजायचा. श्वास घरघरतो का ते ऐकले, खवल्यांच्या फटींत आणि डोळ्यांभोवती गोचिडीसारखे बारीक काळे किडे आहेत का ते भिंगातून तपासले, पोटावरून बोटे फिरवून गाठ आहे का ते चाचपले. काहीच सापडले नाही. मग त्यांनी विचारले, ‘तिच्या लपायच्या जागेतले तापमान किती?’ मी अभिमानाने म्हणालो, ‘थर्मोस्टॅट बत्तीसवर आहे.’ त्या म्हणाल्या, ‘थर्मोस्टॅटवर काय लिहिले आहे ते मी विचारले नाही.’

घरी येऊन मी मोजणारी वायर थेट लपायच्या गुहेत, तिच्या पोटाखाली येईल अशी सरकवली. चोवीस अंश. कारण शोधायला टॉर्च लावून पेटीत डोके घालावे लागले. पेटी जिन्यावरून खाली आणताना थर्मोस्टॅटची संवेदक वायर आपल्या खिळ्यावरून निसटून वरच्या सिरॅमिक हीटरच्या जाळीला चिकटली होती. हीटर तापला की वायर लगेच बत्तीस दाखवी, थर्मोस्टॅट समाधानाने वीज तोडी, आणि खाली जमिनीवर चकली इंग्लंडच्या हिवाळ्यात गारठत बसे. पेटीला चिकटवलेला गोल, काट्याचा तापमापक मात्र निष्ठेने तीस दाखवत होता, कारण तो हीटरच्याच उंचीवर होता. साप आपले अंग आपण तापवू शकत नाही; पोट गरम नसेल तर गिळलेले पचत नाही, आतल्या आत सडते किंवा उलटून पडते. जे पचणार नाही ते ती तोंडात घेत नव्हती, आणि मी तिला हट्टी म्हणत होतो.

बाईंनी जे सांगितले त्यात औषध एकही नव्हते. गरम बाजू बत्तीस अंशांच्या आसपास, थंड बाजू सव्वीस, हवेत ओलावा साठ टक्के. दोन्ही बाजूंना अगदी सारख्या दोन गुहा, आणि त्या ऐसपैस नव्हे तर इतक्या लहान की वेटोळे घातल्यावर अंग भिंतींना टेकेल, कारण बिळात राहणाऱ्या प्राण्याला मोकळेपणा म्हणजे धोका वाटतो. काचेवर बाहेरून तपकिरी कागद. हातात घेणे पूर्ण बंद. वजन फक्त पंधरा दिवसांनी. अन्नही पंधरा दिवसांतून एकदाच, आणि नेहमीपेक्षा लहान. मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घट झाली तर परत यायचे, पण तोवर जबरदस्तीने तोंडात काही कोंबायचे नाही, कारण त्यात जबडा दुखावतो आणि सापाच्या मनात अन्न आणि झटापट एकत्र बसतात. जिवंत उंदीर सोडण्याचा विचार तर डोक्यातही आणायचा नाही. न खाणाऱ्या सापाजवळ रात्रभर राहिलेला उंदीर सापाला कुरतडून काढतो.

सांगायला सोपे, पण काहीही न करणे मला फार जड गेले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दिलेला उंदीरही सकाळी जागच्या जागी मिळाला. फरक इतकाच की या वेळी त्याच्या मिशा एका बाजूला दाबल्या गेल्या होत्या आणि भोवतीच्या नारळाच्या भुशात एक रुंद पन्हाळ उमटली होती. ती बाहेर येऊन, त्याच्यावरून जाऊन, परत आत गेली होती. पाच महिन्यांत प्रथमच मी नाकारल्या गेलेल्या उंदराकडे आनंदाने पाहिले.

२२ फेब्रुवारीचा बेत असा केला. पन्नास ग्रॅमचा उंदीर आदल्या रात्री त्याच फ्रीजरच्या शेजारच्या छोट्या फ्रिजमध्ये वितळायला ठेवला. रात्री दहाला पडदे ओढले, टीव्ही बंद, फक्त बोळातला दिवा. उंदीर प्लास्टिकच्या पिशवीत घालून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवला, मग कागदाने कोरडा केला आणि शेवटी फक्त डोके पुन्हा मिनिटभर गरम पाण्यात बुडवले. या सापांच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. अंधारात त्यांना भक्ष्य दिसते ते त्या खाचांनी, म्हणून उंदराचे डोके बाकीच्या अंगापेक्षा ऊन असावे लागते. मायक्रोवेव्हने हे कधीही करू नये. आतून शिजते आणि फुटते.

लांब चिमट्याने मी उंदीर गुहेच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरला आणि हलवला नाही. आजवर मी तो तिच्या नाकासमोर नाचवत असे. तीन-चार मिनिटे काहीच नाही. मग काळोखातून जीभ आली, एकदा, थांबून पुन्हा, पूर्वीसारखी भरभर नव्हे तर सावकाश, वर-खाली. मानेचा पुढचा भाग इंग्रजी एस अक्षरासारखा मागे ओढला गेला. ती पुन्हा माघार घेते आहे असे वाटून मी हात मागे घेणार, तेवढ्यात चिमट्याला हिसका बसला. झडप मला दिसलीच नाही. दिसले ते उंदराभोवती पडलेले दोन विळखे.

मी चिमटा सोडून जमिनीवर बसून राहिलो. मेलेल्याच उंदराला ती दहा-बारा मिनिटे आवळत होती. मग विळखा सैल करून नाकाने चाचपत तिने त्याचे डोके शोधले आणि आधी उजवा जबडा, मग डावा, असे एकाआड एक पुढे सरकवत तो आत घेतला. शेवटी शेपटीचा दोरा ओठांतून लोंबत राहिला, तोही गेला. त्यानंतर तिने दोनदा लांबलचक जांभई देऊन जबडे जागेवर बसवले. ग्लासगोला संदेश पाठवला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. उत्तरात एकच प्रश्न आला, ‘बाबा, हात नाही ना लावलात?’ नव्हता लावला. खाल्ल्यावर किमान दोन दिवस तिला उचलायचे नसते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक खुलासा करणे भाग आहे. आपल्याकडचा अजगर, नाग, धामण यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि ते घरी पाळणे गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी प्रजातींचीही वन खात्याकडे नोंदणी करावी लागते. हा मजकूर वाचून कोणी शेतातला साप उचलून घरी आणू नये.

आईला दुसऱ्या दिवशी कळवले. ‘दूध प्यायली का?’ तिने विचारले. ‘नाही, उंदीर खाल्ला.’ ‘बरं झालं,’ ती म्हणाली, ‘एक उंदीर तरी कमी झाला.’ तो उंदीर मी पैसे देऊन आणला होता, हे मी तिला सांगितले नाही.

मार्चमध्ये तिने एकदा नाकारले आणि दोनदा खाल्ले. ईस्टरच्या सुट्टीत मुलगा आला तेव्हा वजन १,२६५ ग्रॅम होते. त्याने बूटही न काढता थेट पेटीकडे जाऊन तपकिरी कागद उचलला. ‘आज तिचा जेवायचा दिवस आहे,’ मी म्हणालो, ‘परवापर्यंत थांब.’ त्याने कागद पुन्हा नीट चिकटवला आणि वही मागितली.