सांडलेला माणूस

रविवारी दुपारी आमटी-भात जरा जास्त झाला की मी सोफ्यावर बसत नाही, माझी तिथे घसरगुंडी होते. आधी पाठ टेकते, मग कंबर हळूहळू पुढे सरकते, मान मागच्या उशीत रुतते आणि तंगड्या टीपॉयखाली जातात. "एक तर नीट बस, नाहीतर आत जाऊन नीट झोप," हे आई मी शाळेत होतो तेव्हापासून सांगत आली आहे. बसणं आणि झोपणं यांच्या मधल्या त्या प्रदेशाला आपल्याकडे अजिबात मान नाही. लोळणे, पसरणे, लवंडणे, तंगड्या ताणणे, सगळी क्रियापदं आळशी माणसाला बोल लावण्यासाठीच जन्माला आलेली. त्यातल्या त्यात 'पहुडणे' जरा बऱ्या घरातलं, पण ते शेषशायी विष्णूसाठी राखीव.

परवा मुलाने फोन माझ्या नाकासमोर धरला. "बाबा, हा बघ तू."

फोटोत मी नव्हतो. टक्कल पडलेला, काडीसारखा एक चिनी माणूस सोफ्यात असा रुतला होता की सोफ्यानेच त्याला अर्धा गिळलाय. हात निर्जीव, नजर कुठेच नाही. पण मुलाचं म्हणणं मला लगेच पटलं. मुद्रा माझीच होती, फक्त कितीतरी वरच्या दर्जाची.

हा माणूस म्हणजे ग यो, चीनचा फार मोठा नट. २०१६ च्या उन्हाळ्यात हे चित्र चीनभर फोनाफोनी फिरलं. कोणी त्याला परीक्षेनंतरचा विद्यार्थी केलं, कोणी सोमवारचा नोकरदार. मुद्रेचं बारसंही झालं, 'ग यो थांग'. थांग म्हणजे आडवं होणं. आपल्या मराठीतला थांग वेगळा खरा, पण तो माणूस त्या सोफ्यात इतका खोल गेलाय की हाही थांग लागायचा नाही.

गंमत म्हणजे चित्र तेव्हाचं नव्हतंच. १९९३ मध्ये चीनमध्ये एका कुटुंबावर विनोदी मालिका निघाली, त्या देशातली त्या धर्तीची पहिलीच. तिच्यात ग यो अगदी थोड्या वेळापुरता येतो. आगंतुक पाहुणा, फुकट जेवणारा, कामाचं नाव काढलं की विरघळणारा. पाहुणा म्हणून आला आणि ठिय्या मारून बसला, या जातीचा. तो सोफ्यावर पसरतो, एवढंच. त्यानंतर वीसेक वर्षं ती मुद्रा तशीच पडून होती. पडून राहणं हा तिचा स्वभावच म्हणा.

आणि या वीसेक वर्षांत तिचा मालक काय करत होता? १९९४ मध्ये त्याने फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक घेतलं. ते मिळवणारा तो पहिला चिनी नट. चित्रपट होता दिग्दर्शक चांग यीमोचा 'टू लिव्ह'. ज्या चित्रपटाने त्याला जगात नाव दिलं, तो त्याच्या स्वतःच्या देशात चित्रपटगृहांत लागलाच नाही. नायक फूग्वे हा जुगारात वाडा घालवून बसलेला श्रीमंताचा पोर. वाडा जिंकणारा त्याला पोटापाण्यासाठी चामड्याच्या सावली-बाहुल्यांची पेटी उसनी देतो. (आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी अशाच चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवतात. पेटी उघडली तेव्हा परक्या चित्रपटात एकदम ओळखीचं कोणी भेटल्यासारखं झालं.)

त्यातला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. फूग्वेची मुकी मुलगी बाळंतपणासाठी इस्पितळात आहे. सांस्कृतिक क्रांतीचे दिवस, म्हणजे माओच्या चीनमध्ये शिकल्यासवरल्यांना शत्रू ठरवण्याचा काळ. जाणते डॉक्टर डांबून ठेवलेले, प्रसूतिगृह शिकाऊ पोरींच्या हातात. म्हणून एका उपाशी म्हाताऱ्या डॉक्टरला कसाबसा तिथे आणतात. त्या बिचाऱ्याला आधी खाऊ घालावं म्हणून फूग्वे वाफवलेले सात पाव आणतो. डॉक्टर ते सगळे अधाशासारखे खातो, त्याच्या घशात अडकतं, वर पाणी पाजतात आणि पाव पोटात फुगतात. ऐन वेळी डॉक्टर निकामी. मुलगी जाते. पुढे फूग्वे तिच्या थडग्यापाशी त्या सात पावांचाच हिशेब करत बसतो. एक फुगला की सात होतात, साता साती एकोणपन्नास. रडण्याच्या जागी पाढा. दुसऱ्या कुठल्याही नटाने इथे पडदा फाडला असता. हा माणूस आपला हिशेब चुकल्यासारखा बघत राहतो, आणि आपल्याला हसावं की काय करावं ते कळत नाही.

मला वाटतं, सोफ्यावरचा तो आणि थडग्यापाशीचा हा, दोघांचं कसब एकच. चेहऱ्याने काही करायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल.

ते त्याला कुठून आलं असेल? बाप ग त्सुनज्वांग नावाजलेला नट, पडद्यावर खलनायक रंगवणारा. आई चित्रपट स्टुडिओत साहित्य विभागाची संपादक. म्हणजे घरात दूधभात नटपणाचाच. तरी सत्तरच्या दशकात शहरी पोरांना खेड्यात धाडायची लाट होती, तीत हाही बीजिंगबाहेर छांगफिंगला गेला आणि डुकरं पाळू लागला. पुढे नाट्यशाळांच्या परीक्षा दिल्या, नापास झाला. शेवटी कामगार संघटनेच्या कलापथकात निवड चाचणीला उभा राहिला, तेव्हा त्याने काय सादर करावं? डुकरांना चारा घालणं. घेतला त्याला. ज्याने डुकरांना पोटभर खाऊन चिखलात पसरलेलं रोज पाहिलंय, त्याला लोळण्याची शिकवणी वेगळी लागत नसावी. हा अर्थात माझा तर्क. पण सोफ्यात त्याची कंबर ज्या समाधानाने खचलेली आहे, ते मानवी समाधान वाटत नाही.

या मुद्रेने त्याला नंतर कोर्टातही नेलं. जो तो त्याचा फोटो आपल्या जाहिरातीला चिकटवू लागला, तेव्हा ग योने दावे लावले. एका प्रवास कंपनीला न्यायालयाने ७५ हजार युआन भरपाई द्यायला सांगितली, वर माफीही मागायला लावली. म्हणजे तेव्हाच्या भावाने आपले सात-आठ लाख रुपये, लोळण्याचे! मी इतकी वर्षं सतरंजीवर, झोपाळ्यावर, एसटीच्या बाकावर लोळत आलो, मला कोणी चहासुद्धा पाजला नाही.

चीनमधल्या पोरांना मात्र या चित्राचं इतकं वेड का लागलं, ते समजायला वेळ लागत नाही. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस काम. तिथे या वेळापत्रकाचं नावच '९९६' आहे. अशा माणसाला शिखरावर झेंडा लावणारा नायक नको असतो, सोफा हवा असतो. २०२१ मध्ये तोच शब्द नवं रूप घेऊन आला, 'थांग फिंग', सपाट पडून राहणं. तोपर्यंत त्यातली थट्टा कमी झाली होती. धावायचंच नाही, असं पोरं उघड म्हणू लागली होती आणि वरच्यांना ते खटकू लागलं होतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी मुलाला म्हटलं, "काढ माझा फोटो. अगदी तसा." कंबर पुढे सरकवली, मान टेकवली, हात सोडून दिले, डोळे कुठेच नेले नाहीत. अर्ध्या मिनिटात मानेला रग लागली. तेवढ्यात केर काढायला मावशी आल्या, "दादा, पाय," म्हणाल्या, तेव्हा हात न हलवता दोन्ही पाय वर घेतले. मला वाटलं, जमलं.

मुलाने फोटो पाहिला, त्या चित्राशेजारी धरला, पुन्हा पाहिला.

"नाही बाबा. तू लोळलायस. तो सांडलाय."