पिवळं जेल म्हणजे पू नव्हे: वडिलांच्या तळपायाच्या जखमेचा माझा अनुभव

वडिलांच्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, मधुमेहाची जखम होती. 3 सेंटिमीटर लांब, 2 रुंद. रक्तपुरवठ्याची तपासणी, एक्स-रे, मेलेला भाग कापून काढणं, सगळं आठवड्यात उरकलं. अडलं ते ड्रेसिंगपाशी.

सर्जननी कॅल्शियम अल्जिनेट लिहून दिलं होतं, दर तीन दिवसांनी बदलायचं. समुद्री शेवाळापासून बनलेली, दाबलेल्या कापसासारखी पट्टी. ती जखमेच्या पाण्यातलं सोडियम घेते, स्वतःचं कॅल्शियम सोडते आणि तंतू फुगून त्यांचं जेल होतं. स्वतःच्या वजनाच्या 15 ते 20 पट पाणी धरते.

घराजवळच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली, तर आत पिवळट, बुळबुळीत, थोडा वास येणारा थर. "पू झालाय" म्हणून तो खरवडला, हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस केला, पोव्हिडोन आयोडिन लावून कोरडं गॉज ठेवलं आणि उद्या परत या म्हणून सांगितलं. असे नऊ दिवस गेले. रोज गॉज चिकटायचं, ओढताना रक्त यायचं. ते रक्त म्हणजे रात्रभरात धरलेलं नवं मांस उपटलं जात होतं. पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतं. नवव्या दिवशी मोजलं, तर जखम 3 बाय 2च. राग अजून गेलेला नाही, कारण तो थर पू नव्हता, अल्जिनेटचं जेल होतं, आणि हा फरक ओळखायला एक मिनिट लागतं.

0.9 टक्के सलाइनने जखम धुवा. जेल वाहून जातं, खाली लाल मांस दिसतं. वासही धुतल्यावरच घ्या. पू असेल तर धुतल्यावरही कडेने दाबलं की परत येतो, पाय गरम लागतो, सुजतो, साखर कारण नसताना चढते. लाली कडेपासून 2 सेंटिमीटरपुढे गेली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी सर्जन गाठा. दुखण्यावर विसंबू नका. मधुमेहाने बधिर झालेला पाय दुखतच नाही.

पुढे सर्जनकडून शिकून घरीच केलं. पट्टी जखमेच्या मापाचीच कापायची. बाहेर आली की कडेची कातडी पांढरी पडून सुरकुतते. खोल खड्ड्यात अल्जिनेटची दोरी सैल ठेवायची, ठासायची नाही. वरचा पॅड आरपार भिजला, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

पाणी कमी झाल्यावर पट्टी कोरडी, चिकटलेली निघायला लागली. ती सलाइनने दहा मिनिटं भिजवून सोडवली. तेव्हा अल्जिनेटचं काम संपलं होतं. सर्जननी कोलॅजेन, म्हणजे जनावराच्या प्रथिनापासून बनलेली पट्टी, सुरू केली. जुनाट जखमेत मांस खाणारी विकरं (एन्झाइम) वाढलेली असतात, ती आधी या कोलॅजेनवर खर्च होतात. पण खाली पिवळी साल, म्हणजे मेलेल्या मांसाचा चिकटलेला थर, असेल, तर ती आधी काढून घ्यावी लागते. कोलॅजेन गाईचं की माशाचं, हे घेण्याआधी विचारा.

सांगायचं राहिलं: भार टाचेवर घेणारा बूट रात्री बाथरूमला जातानाही घालायचा. त्याशिवाय कुठलंच ड्रेसिंग चालत नाही.

दर रविवारी मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढत होतो. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर यायला हवं, नाहीतर कुठेतरी चुकतंय. आमचं 6 चौरस सेंटिमीटरवरून अडीचवर आलं.

आणि बाहेर कुठे ड्रेसिंग करून घ्यावं लागलं, तर वरच्या चिकटपट्टीवर मार्करने लिहून ठेवा: तारीख, आणि "आत अल्जिनेट आहे, आधी धुऊन बघा."