तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रँडी खरी होती का?

मी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि सत्तरच्या दशकातली गाणी ऐकते, हे कळलं की प्रश्न हमखास येतो: "न्यू ब्रन्सविकला थिएटरच्या पार्किंगमध्ये कबर आहे, ती 'ब्रँडी' गाण्यातल्या ब्रँडीचीच का हो?" ('ब्रँडी' हे १९७२चं गाणं: बारमध्ये दारू देणारी ब्रँडी एका खलाशावर प्रेम करते, पण तो समुद्र सोडून तिच्यापाशी राहत नाही.)

नाही. ती कबर मेरी एलिसची. ती १८२८ साली वारली. दंतकथा अशी, की एका जहाजाचा कप्तान तिला परत येण्याचं वचन देऊन गेला तो आलाच नाही, आणि ती घोड्यावरून रॅरिटन नदीकाठी जाऊन त्याची वाट पाहत राहिली. आजूबाजूची जमीन खणून सपाट केल्यामुळे कबर आता पुरुषभर उंच दगडी भिंतीवर एकटीच राहिली आहे, खाली चहूबाजूंना गाड्या. ते दृश्य पाहून कुणाचाही विश्वास बसेल. त्यात ते गाणं गाणारा 'लुकिंग ग्लास' बँडही इथलाच, रटगर्स विद्यापीठातल्या मुलांचा.

पण गाणं लिहिणारा आणि गाणारा एलियट ल्युरी स्वतःच सांगतो, की ब्रँडी मनातून आली. हायस्कूलमधल्या मैत्रिणीचं नाव तो गुणगुणत होता. ते मुलाचंही असू शकतं, म्हणून जरा बदललं, आणि बारमध्ये दारू देणाऱ्या मुलीला ते शोभलंही.

मला विचाराल तर या दोन गोष्टी एक मानल्या की गाण्याचा जीवच हरवतो. दंतकथेतला कप्तान वचन मोडतो. ब्रँडीचा खलाशी वचन देतच नाही. तो तिला स्पेनच्या चांदीची साखळी आणून देतो, तिच्या लॉकेटवर त्याचं नाव असतं, आणि तरीही तो सरळ सांगतो, की माझा जीव समुद्रात आहे. तो खरं बोलतो हे तिला कळतं. रागवायला कुणी नाही, म्हणूनच ते दुःख इतकं आत जातं. विशीतल्या पोराने तीन मिनिटांत हे बसवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

रेकॉर्ड कंपनीचा भर आधी दुसऱ्याच गाण्यावर होता. वॉशिंग्टनच्या एका रेडिओ निवेदकाने 'ब्रँडी' उचलून धरलं आणि ऑगस्ट १९७२मध्ये ते 'बिलबोर्ड' या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. बँडचा एरवीचा बाज बराच रांगडा, त्यामुळे ब्रँडीसारखंच काही ऐकायला आलेले लोक गोंधळायचे. १९७३मधलं पुढचं गाणं तेहतिसाव्या क्रमांकापर्यंतच पोचलं. १९७४मध्ये ल्युरी बँडमधून बाहेर पडला आणि पुढे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समध्ये चित्रपट संगीताचा प्रमुख झाला. एका गाण्यापुरता माणूस म्हणून त्याला निकालात काढणं मला पटत नाही.

आणखी एक. गायक बॅरी मॅनिलोचं 'मँडी' हे गाणं मुळात 'ब्रँडी' याच नावाचं, दुसऱ्याच गीतकाराचं गाणं होतं. ल्युरीची ब्रँडी इतकी गाजली, की १९७४मध्ये मॅनिलोला गाण्याचं नाव बदलून घ्यावं लागलं.